फोटोची मागची बाजूही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांच्या घरातले जुने लष्करी फोटो छापायला सुरुवात झाली, ही चांगली गोष्ट आहे. पुरवणी हातात आली की मी आधी तेच पान काढतो. पण फोटोखाली काय असतं? 'दुसऱ्या महायुद्धातील एक मराठी जवान.' नाव नाही, गाव नाही, पलटण नाही. पाठवणाऱ्यानेच माहिती दिली नाही असं आपण म्हणाल, आणि ते खरंही असेल. तरी माझा अंदाज सांगतो: यातल्या बऱ्याच फोटोंच्या पाठीवर काही ना काही लिहिलेलं असणार आणि ते कोणी उलटून पाहिलेलं नसणार. लोक मोबाईलने पुढची बाजू टिपतात, तुम्हाला पाठवतात आणि मूळ फोटो परत डब्यात जातो.

मी हे अंदाजपंचे बोलत नाही. नौपाड्यात आमचा फोटो स्टुडिओ होता. वडिलांनी सुरू केला, पुढे मी चालवला. आता त्या गाळ्यात मोबाईलची कव्हरं मिळतात. पासपोर्ट साइज, मुंजी, लग्नं हे तर होतंच, पण घरातलं माणूस गेलं की लोक एखादा जुना ग्रुप फोटो घेऊन यायचे आणि सांगायचे, यातलं एवढं तोंड मोठं करून द्या. मग बाजूची माणसं कापायची, मागचा पडदा पुसून काढायचा, बाईचा फोटो असेल तर कुंकू ठळक करायचं. काम झालं की मूळ फोटो न्यायला पुष्कळ जण येतच नसत. अशा न नेलेल्या फोटोंनी आमचा एक खण भरलेला होता. त्यामुळे फोटोची पाठ वाचायची सवय मला धंद्यानेच लावली. कोणाचा फोटो ते पुढून कळत नसे, मागून कळे.

ठाण्यापुरतं बोलायचं तर आज ही गोष्ट निकडीची झाली आहे. नौपाडा, चरई, पाचपाखाडीतल्या जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला चालल्या आहेत. भाड्याच्या घरात जायचं म्हटलं की सगळ्यात आधी घरातला माळा रिकामा होतो. पितळेची भांडी कोण नेणार यावर भाऊ-भाऊ भांडतात. अल्बमवर कोणी भांडत नाही. रद्दीवालाही फोटो घेत नाही, चकचकीत कागद त्याला चालत नाही. तो अल्बमचे पुठ्ठे फाडून घेतो आणि फोटो जिन्याखाली टाकून जातो. निगेटिव्हची तऱ्हा याहून वाईट. तिच्यात चांदी असते, त्यामुळे तिला एक काळ गिऱ्हाईक होतं. वापरलेला हायपो (फोटो पक्का करायचं रसायन, त्यातही चांदी उतरते) आणि जुनी फिल्म विकत घेणारी माणसं स्टुडिओ-स्टुडिओत फिरत. कित्येक घराण्यांचे चेहरे त्या भट्ट्यांत गेले.

आता आमच्या घरातल्या एका फोटोबद्दल लिहितो.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, महाड तालुक्यातले. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये शिपाई होते. आजही तिला 'जंगी पलटण' म्हणतात. त्या काळी ती 'फर्स्ट-फिफ्थ मराठा' होती आणि आठव्या इंडियन डिव्हिजनबरोबर इटलीत लढली. आजोबांची पत्र्याची ट्रंक मामांकडून माझ्याकडे आली. तिच्यात एक फोटो आहे, पोस्टकार्डाच्या मापाचा. रंगवलेल्या पडद्यापुढे चौघे जण: दोघे खुर्चीवर, दोघे मागे उभे. अंगात जाड लोकरी गणवेश. मागच्या एकाने हात पुढच्याच्या खांद्यावर ठेवलाय, पण टेकवलेला नाही, नुसता धरलाय. फोटोग्राफरने ठेव म्हटलं म्हणून ठेवलेला हात मला लगेच ओळखू येतो. बसलेल्यांपैकी एकाच्या डाव्या बुटाची नाडी सुटलीय. चौघांपैकी कोणीही हसत नाही.

मागची बाजू अशी. मधोमध फिकट राखाडी अक्षरांत 'फेरानिया', ही इटलीतली फोटोचा कागद आणि फिल्म करणारी कंपनी. कोपऱ्यात स्टुडिओचा जांभळा शिक्का. त्यातलं स्टुडिओचं नाव पुसलंय, पण शेवटचं 'फिरेंझे' वाचता येतं, म्हणजे फ्लोरेन्स. आणि खाली शिसपेन्सिलीने मोडीत लिहिलेल्या चार ओळी. मला मोडी येत नाही. पुराभिलेख खात्याचा मोडीचा वर्ग केलेल्या ओळखीच्या एका बाईंनी भिंग लावून त्या वाचून दिल्या. चार नावं, प्रत्येकापुढे गाव. दोन गावं आमच्या महाडकडची, एक पोलादपुराजवळचं, एक साताऱ्याकडचं, खटाव तालुक्यातलं. एका नावाआधी 'लान्स नाईक' असं आहे. तारीख नाही, ठिकाण नाही. कुठे आहोत, कोणत्या पलटणीत आहोत हे शिपायांनी लिहू नये असा लढाईत दंडकच असे. पत्रं सेन्सॉरमधून जात. आजोबांनी तो पाळलेला दिसतो. स्टुडिओच्या शिक्क्याला मात्र हा नियम कोणी सांगितला नव्हता!

आता गंमत बघा. फ्लोरेन्स शहर जर्मनांच्या हातून सुटलं ते ऑगस्ट १९४४ मध्ये. म्हणजे फोटो त्यानंतरचा. अंगात लोकर आहे, म्हणजे थंडीचे दिवस. आणि पोलादपूरकडचा जो गडी आहे तो एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीच्या लढाईत गेला, त्यामुळे फोटो त्याआधीचा. (त्याच लढाईत ९ एप्रिलला त्याच पलटणीच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश फौजेतलं सर्वोच्च शौर्यपदक मिळवलं.) तारीख नसलेल्या फोटोला हिवाळा मिळाला तो पाठीवरच्या एका पुसट शिक्क्यामुळे. पुढची बाजू कितीही निरखली असती तरी हे कळलं नसतं.

तो गडी गेला हे कसं कळलं, तेही लिहितो, कारण हा मार्ग कोणालाही घरबसल्या मोकळा आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन नावाची संस्था दोन्ही महायुद्धांत पडलेल्या सैनिकांची नोंद ठेवते आणि ती इंटरनेटवर फुकट पाहता येते. फक्त आपल्या नावांचं स्पेलिंग इंग्रज कारकुनाने कानाला येईल तसं केलेलं असतं, म्हणून चार-पाच प्रकारे शोधावं लागतं. नावाने सापडलं नाही तर बापाच्या नावाने आणि गावाने शोधावं, पुष्कळ नोंदींत 'अमक्याचा मुलगा, अमुक गाव' असं असतं. आणखी एक: 'रायगड' टाकून काही मिळणार नाही. जिल्ह्याचं नाव १९८१ साली बदललं, त्या नोंदींत तो 'कोलाबा'च आहे. मी कोलाबा टाकलं आणि पोलादपूरकडचं ते गाव समोर आलं. इटलीत फोर्ली इथे भारतीय सैन्याची दफनभूमी आहे, तिच्या आवारात दहन झालेल्या सैनिकांच्या नावांचं स्मारक आहे. आजोबांच्या मित्राचं नाव तिथे दगडात कोरलेलं आहे. ज्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले यशवंत घाडगे हे नाव ठाऊक आहे आणि ज्यांनी माणगावातला त्यांचा पुतळा पाहिला आहे, त्यांनाही हे ठाऊक नसेल की घाडग्यांचं नाव तिकडे कॅसिनोच्या स्मारकावर आहे. १० जुलै १९४४ ला ते वरच्या टायबर खोऱ्यात पडले.

इटलीच्या त्या मोहिमेत सुमारे ५० हजार भारतीय होते, त्यातले ५ हजार ७८२ परतले नाहीत. तिथे दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीयांचे. हे आकडे आता भाषणांत येतात. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात त्या काळचे आपल्या सैनिकांचे फोटोही आहेत, सरकारी छायाचित्रकारांनी काढलेले, धंद्याच्या नजरेने पाहिले तर फार उत्तम. पण साध्या शिपायाचं नाव त्यांच्या मथळ्यांत क्वचितच सापडतं. ती नावं आहेत आपल्या ट्रंकांत.

तर पोलादपूरला गेलो. मित्राचं घर सापडायला अडचण आली नाही, गावात आडनाव एकच. त्यांच्याकडे त्याचा एकही फोटो नव्हता. मिलिटरीतून आलेला एक कागद होता, तो पुरात गेला. त्याची धाकटी बहीण अजून आहे, नव्वदी ओलांडलेली, कान मंद झालेत पण नजर ठीक. मी मोठा करून नेलेला फोटो तिच्या मांडीवर ठेवला. तिने चौघांकडे पाहिलं आणि विचारलं,

"यातला आमचा कंचा?"

आणि इथेच गाडी अडली. आजोबांनी नावं लिहिली, पण डावीकडून की उजवीकडून, पुढची रांग आधी की मागची, ते लिहिलं नाही. आजोबा कोणते हे मला माहीत. ज्याच्या दंडावर एक फीत तो लान्स नाईक. उरले दोघे, मागे उभे असलेले. त्यांतला एक पोलादपूरचा, एक खटावचा. म्हातारीने बराच वेळ पाहून उजवीकडच्यावर बोट ठेवलं, म्हणाली, "दादाचं कान असंच व्हतं." तिचा पुतण्या, तो स्वतः सत्तरीचा, म्हणाला, "आत्ते, डावा. आपल्या बाळूचं तोंड बघ की." त्यावर दोघांची जुंपली. मी चहा घेतला आणि निकाल न लावता निघालो. तो देणारा मी कोण? ती सात-आठ वर्षांची असताना तो घरातून गेला. पुतण्याने तर त्याला पाहिलेलंच नाही.

त्यांनी अखेर चौघांचाच फोटो फ्रेम करून लावला. पितृपक्षात हार घालतात तो अख्ख्या फ्रेमला. माझे आजोबा युद्धानंतर चांगली चाळीस वर्षं शेती करून, नातवंडांवर ओरडून गेले, पण पोलादपुरात त्यांनाही दरवर्षी हार पडतो. त्यांना कळलं असतं तर खूश झाले असते.

तेव्हा माझी वाचकांना पहिली विनंती हीच: घरात कोणी ओळखणारं माणूस आहे तोवर फोटो त्याच्यापुढे ठेवा आणि कोण कुठे उभा आहे ते लिहून घ्या, बघणाऱ्याच्या डावीकडून. लिहायचं ते मऊ शिसपेन्सिलीने, फोटो काचेवर पालथा ठेवून, कडेला, हात हलका ठेवून. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढे चेहऱ्यावर उमटतो, आणि शाई दमट हवेत पसरते. त्याहून बरं म्हणजे वेगळ्या कागदावर चौकट काढून नावं लिहा आणि तो कागद फोटोबरोबर ठेवा.

ठाण्याच्या हवेबद्दलही थोडं. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतला दमटपणा ऐंशी टक्क्यांच्या वर जातो. जुना कृष्णधवल फोटो म्हणजे कागदावर जिलेटिनचा थर आणि त्यात चांदी. जिलेटिन ओल धरतं, फुगतं आणि ज्याला टेकलं असेल त्याला चिकटतं. भिंतीवरच्या फ्रेममधला फोटो काचेला चिकटलेला असेल तर तो सोडवायला जाऊ नका, चेहरा काचेवरच राहील. काचेसकट स्कॅन करा. लॅमिनेशन तर कधीही नको. आजोबांचा फोटो 'टिकावा' म्हणून लॅमिनेट करणाऱ्यांचे हात धरावेसे वाटतात. एकदा गरम रोलरमधून तो चिकट प्लास्टिक होऊन निघाला की परतीची वाट नाही, आणि कडा सुटून आत पाणी गेलं की तो आतल्या आत कुजतो. ऐंशीच्या दशकातले ते चिकट पानांचे अल्बमही तसेच, फोटोची पाठ तर त्यांनी खाल्लीच, आता पुढची बाजूही पिवळी पडते आहे. पानं लवचिक असतील तर दातांच्या फटी साफ करायचा साधा दोरा (डेंटल फ्लॉस) फोटोखालून करवतीसारखा हळू ओढत न्या, बहुतेक वेळा सुटतो. अडला तर थांबा.

रबरबँड लावू नका, त्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते. टाचणी गंजते. वर्तमानपत्रात गुंडाळू नका (माफ करा संपादकसाहेब, पण तुमच्या कागदात आम्ल असतं). आम्लविरहित कागदाची पाकिटं चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात मिळतात, एका पाकिटात एकच फोटो ठेवावा. डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, बाथरूमच्या भिंतीला लागून तर नकोच, आणि माळ्यावरही नको. काळ्या भागावर निळसर आरशासारखी चमक दिसली तर घाबरू नका, ती वर आलेली चांदी आहे. पुसू मात्र नका.

स्कॅनिंगचं थोडक्यात सांगतो. बॉक्स कॅमेऱ्याची छोटी प्रिंट असेल तर १२०० डीपीआय (इंचाला इतके ठिपके), पोस्टकार्डाला ६००, दोन्ही बाजू, कडांसकट. पाठीचं स्कॅनही रंगीत करा, जांभळा शिक्का आणि पेन्सिल वेगळी दिसली पाहिजे. एक प्रत टिफ प्रकारच्या फाइलमध्ये, तिला पुन्हा हात लावायचा नाही. काय साफसूफ करायची ती दुसऱ्या प्रतीवर. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही असा फोटो ठेवून, फ्लॅश बंद करून मोबाईलने घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर पलीकडे पोहोचतो तो फोटोचा सांगाडा.

व्हॉट्सॲपचं नाव निघालंच आहे तर एक तक्रार मांडतो. आजोबांचा आणखी एक फोटो आहे, १९४६ सालचा, परत आल्यावर कल्याण कॅम्पात कोणीतरी बॉक्स कॅमेऱ्याने काढलेला. मागे लांबलचक बराकी, छातीवर पदकांच्या फितींची एक ओळ. माझ्या भाच्याने तो एका ॲपमधून रंगीत करून आमच्या कौटुंबिक ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी अंगठे दिले. मी पाहिलं तर आजोबा गोरे झालेले, मिशा भरलेल्या, आणि उन्हाने बारीक केलेले डोळे ॲपने टक्क उघडून दिलेले! छातीवरची एक फीत निळी-पांढरी. ती फीत इटली स्टारची, म्हणजे इटलीच्या मोहिमेसाठी दिलेल्या पदकाची आहे: लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल, इटलीच्या झेंड्याचे रंग. पण त्या काळी बॉक्स कॅमेऱ्यात सर्रास घातली जायची ती ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म. तिला लाल रंग दिसतच नाही. लाल जिथे असेल तिथे प्रिंटमध्ये काळं येतं. त्यामुळे कडेचे पट्टे काळे दिसतात, आणि त्या काळ्यात निळा होता की लाल, हे ॲपला कसं कळावं? मला कळलं ते त्या फिल्मवर हात काळे केले म्हणून. रंगीत करायला माझी ना नाही, पोरांना तसं बघायला आवडतं तर बघू देत. पण मूळ फोटो शेजारी असलाच पाहिजे, आणि खाली 'रंग नंतर भरले' असं लिहिलेलं पाहिजे. इटली स्टार १९४५ मध्ये सुरू झाला. ती फीत छातीवर दिसते म्हणजे फोटो त्याआधीचा नाही. फितीचा रंग बदलला की हा हिशोबही गेला.

तोच रंगीत फोटो पुढे फिरत फिरत दुसऱ्याच एका ग्रुपवरून माझ्याकडे परत आला, खाली ओळ: 'नेताजींच्या आझाद हिंद सेनेतील वीर'. बघा, आमचे आजोबा कुठून कुठे पोहोचले. हा चुकून झालेला प्रकार नाही असं माझं मत आहे. इंग्रजांच्या फौजेत होते म्हणायला लोकांना अवघड वाटतं, म्हणून सोयीचं काहीतरी चिकटवतात. स्वातंत्र्यानंतर कित्येक घरांत राजाचं तोंड असलेली पदकं ट्रंकेच्या तळाशी गेली, फोटो भिंतीवरून उतरले. मला यात लपवण्यासारखं काही वाटत नाही आणि मिरवण्यासारखंही फार वाटत नाही. त्या युद्धात सुमारे २५ लाख भारतीय फौजेत होते, ८७ हजारांच्या वर मेले. आमच्या आजोबांना भरतीचं कारण विचारलं की ते म्हणायचे, "भात पुरत नव्हतं." एवढंच. कोणी त्यांना क्रांतिकारक करू नये, गद्दारही करू नये. भात पुरत नव्हतं म्हणून गेलेला माणूस फ्लोरेन्सच्या स्टुडिओत जाऊन बसला, हीच त्याची हकीकत आहे आणि ती मला पुरेशी वाटते.

त्याच कल्याण कॅम्पच्या फोटोमुळे झालेली दुसरी गोष्ट मात्र आनंदाची. स्टुडिओ चालू होता तेव्हा त्याची मोठी प्रत काउंटरमागे लावलेली असायची. उल्हासनगरहून एक सिंधी गृहस्थ नातवाच्या पासपोर्ट फोटोसाठी आले. आजोबांकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. ते मागच्या बराकीकडे बघत राहिले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच लष्करी बराकींत जागा दिली गेली आणि १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. या गृहस्थांचं बालपण तशाच बराकीत गेलेलं, मध्ये गोणपाटाचा पडदा, पलीकडे दुसरं कुटुंब. बराकीचं छप्पर, तिच्या खिडक्या, दारापुढचा ओटा, सगळं ते बोट लावून सांगत होते. तिचा फोटो त्यांनी कधी पाहिला नव्हता. नेसत्या वस्त्रानिशी आलेल्या माणसांकडे कॅमेरा कुठला असणार? मी त्यांना प्रत करून दिली. कापली नाही, त्यामुळे आजोबा त्यांच्याही घरी गेले. आमच्या धंद्यात तोंड ठेवून बाकीचं कापायची रीत होती. त्या दिवशी नुसतं तोंड ठेवलं असतं तर या माणसाला दाखवायला काही उरलं नसतं. म्हणून आपल्या पानावर फोटो छापतानाही कडा कापू नका, ही विनंती. फोटोत मागे काय उभं आहे ते घरच्यांना महत्त्वाचं वाटत नाही. दुसऱ्या कोणाला तेच हवं असतं.

मराठा शिपायांनी दुसऱ्यांची चित्रं सांभाळल्याचा दाखलाही त्याच मोहिमेतला आहे. १९४४ च्या उन्हाळ्यात फ्लोरेन्सबाहेर माँतेगुफोनीच्या गढीत मराठा पलटणीच्या लोकांना भिंतीला टेकून ठेवलेली मोठमोठी चित्रं सापडली. फ्लोरेन्सच्या उफीत्सी संग्रहालयाने युद्धाच्या भीतीने तिथे हलवलेली. चित्रकार बोत्तिचेल्लीचं प्रसिद्ध 'प्रिमावेरा' त्यांतच होतं. आपल्या शिपायांनी पहारा दिला आणि चित्रं सुखरूप राहिली. आज जगभरचे लोक तिकीट काढून ती बघतात. पहारा देणाऱ्यांचे स्वतःचे फोटो पाचपाखाडीच्या जिन्याखाली पडू नयेत, एवढी अपेक्षा जास्त नाही.

करण्याजोगं काय आहे ते लिहितो. पुनर्विकासाला जाणाऱ्या प्रत्येक सोसायटीने, घरं रिकामी करायची नोटीस लावताना, शेजारी आणखी एक कागद लावावा: जुने फोटो, पत्रं, लष्कराचे दाखले टाकू नका, अमुक दिवशी खाली घेऊन या. स्कॅनर, लॅपटॉप आणि दोन कॉलेजची मुलं असली की एका दुपारी एका इमारतीचं काम होतं. मूळ फोटो मालकाच्या हातातून जातही नाही. आपल्या ठाण्यात १८९३ पासून चालत आलेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. असल्या संस्थेने किंवा महापालिकेने मनावर घेतलं तर या स्कॅन केलेल्या प्रती, नावांच्या कागदांसकट, एका जागी राहतील. पलटणीचे फोटो असतील त्यांनी बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्रालाही एक प्रत पाठवावी. मूळ फोटो मात्र कोणालाही पावती घेतल्याशिवाय देऊ नये. 'प्रदर्शनाला हवाय, परत देतो' म्हणून नेलेले फोटो परत न आल्याच्या कहाण्या मी काउंटरवर पुष्कळ ऐकल्या आहेत.

आपल्याकडून इतकंच हवं आहे की वाचकांना फोटो मागताना दोन्ही बाजूंचा मागा, आणि पाठीवर काही असेल तर ते पानावर छापा, लहान का होईना. मोडी असेल तर मोडीच छापा, वाचणारे निघतील.

सोबत फ्लोरेन्सच्या फोटोची पुढची बाजू जोडली आहे, न कापता छापावी. मागच्या बाजूचा शिक्का आणि 'फेरानिया' तेवढं दाखवावं. नावांच्या चार ओळी मी मुद्दाम झाकून पाठवतो आहे, त्याचं कारण असं. खटावकडच्या माणसाचं नाव पडलेल्यांच्या यादीत कुठल्याच स्पेलिंगने सापडत नाही, म्हणजे तो बहुधा परत आला. त्याच्या घरी त्याचे आणखी फोटो असतील. मागे उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाला जर खटाव तालुक्यातल्या कोणी ओळखलं, तर त्या माणसाचं आणि गावाचं नाव आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर मला कळवावं. नाव जुळलं की मी मागची बाजू उघडी करून पाठवीन. खटावचा कोण ते ठरलं की पोलादपूरचा कोण तेही आपोआप ठरेल, आणि ते ठरायला हवं ते म्हातारीची नजर ठीक आहे तोवर.

आपला,
एक निवृत्त फोटोग्राफर
नौपाडा, ठाणे (प.)